केबल काढली, आता नेटवरचा टीव्ही रोज रात्री अडकतो: काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं

केबल बंद केली, फायबर घेतलं, स्मार्ट टीव्हीवर ॲप टाकली. पहिला आठवडा झकास गेला. मग रात्री साडेआठच्या सुमारास ऐन मालिकेत चित्र थांबायला लागलं आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. आता ते रोजचंच झालंय. घरातली मोठी माणसं म्हणतात, "केबलच बरी होती." ऑपरेटरला फोन लावला तर तो म्हणतो, "प्लॅन वाढवा."

प्लॅन इतक्यात वाढवू नका. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत आणि नातेवाइकांच्या घरी हाच बिघाड मी कित्येक वर्षं निस्तरतोय. बहुतेक घरांत दोष सापडतो तो राउटरपासून टीव्हीपर्यंतच्या शेवटच्या काही फुटांत. तिथे दोष असेल तर ५० एमबीपीएसचा प्लॅन १०० चा केला काय नि ३०० चा केला काय, चित्र अडकायचं ते अडकतंच, बिल तेवढं वाढतं. म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा असतो: स्पीड टीव्हीपाशी मोजा, आणि ज्या वेळेला अडकतं त्याच वेळेला मोजा. सकाळी दहा वाजता राउटरशेजारी उभं राहून काढलेल्या आकड्याचा इथे काही उपयोग नाही.

लक्षणं

दोन संध्याकाळी नीट बघा, नेमकं काय होतंय ते. "नेट चालत नाही" एवढ्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही.

टीव्ही अडकतो पण त्याच वेळी, त्याच वायफायवर, मोबाइलवर तेच ॲप नीट चालतं. मग बाहेरची लाइन बहुधा ठीक आहे. एक तर वायफाय टीव्हीपर्यंत धड पोचत नाही, नाहीतर टीव्हीलाच ते झेपत नाही. फक्त मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करून मगच ही तुलना करा. तो चालू राहिला की निष्कर्ष साफ चुकतो.

दिवसभर ठीक, रात्री ८ ते ११ अडकतं. इथे दोन संशयित: शेजारपाजारच्या वायफायची गर्दी किंवा ऑपरेटरची भरलेली लाइन. दोन्ही वेगळे कसे ओळखायचे ते पुढे येईल.

सिनेमा नीट चालतो, क्रिकेटची मॅच मात्र थांबत थांबत चालते. सिनेमा चालू असताना ॲप पुढचा बराच भाग आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे नेट मध्येच काही सेकंद गेलं तरी आपल्याला कळतही नाही. थेट प्रक्षेपणात पुढचा भाग अजून घडलेलाच नसतो, शिल्लक असते ती काही सेकंदांची. नेट किंचित जरी अडखळलं तरी मॅच थांबते. म्हणजे तुमच्या नेटचा वेग पुरेसा असेलही, पण ते सलग मिळत नाहीये.

चित्र मध्येच धुरकट होतं आणि आपोआप परत स्वच्छ होतं. ॲप नेटचा अंदाज घेत चित्राचा दर्जा कमी-जास्त करत असतं. अडकण्याच्या आधीची ही पायरी आहे.

आवाज सलग येतो पण चित्र झटके देतं, किंवा ओठ आणि आवाज जुळत नाहीत. हे बहुधा नेटचं दुखणं नसतं, टीव्हीच्या किंवा टीव्हीला मागून खोचायच्या स्टिकच्या ताकदीचं असतं.

एकच ॲप अडतं, बाकीची चालतात. दोष त्या ॲपमध्ये किंवा त्याच्या प्लॅनमध्ये शोधा.

राउटरचे दिवे मध्येच विझून पुन्हा लागतात. ॲडॅप्टर तपासा.

फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल आहे. घरातलं काहीही तपासत बसू नका, सरळ शेवटच्या भागाकडे जा.

आणि एक गोष्ट जी बिघाड नाही: विकेट पडल्याचा आरडाओरडा शेजारच्या केबलवाल्या घरातून आधी येतो आणि तुमच्याकडे विकेट मागाहून पडते. नेटवरचं थेट प्रक्षेपण काही सेकंद मागेच चालतं. कितीही पैसे घातले तरी हा उशीर पूर्ण जात नाही.

रात्रीच का?

केबलमध्ये सगळ्या वाहिन्या एकाच वेळी सगळ्या घरांत पोचलेल्या असतात. तुम्ही रिमोटवर त्यातली एक निवडता, एवढंच. इमारतीत चार जण बघोत की चाळीस, त्या तारेला फरक पडत नाही. नेटवर तसं नसतं. प्रत्येक घर आपापला वेगळा प्रवाह मागवतं. एकच मालिका एकाच वेळी दहा घरांत चालू असेल तरी ती सहसा दहा वेळा वेगवेगळी येते. त्यातून संध्याकाळी मुलांचे गेम, कोणाचा व्हिडिओ कॉल, फोनमधल्या फोटोंचा बॅकअप आणि दारावरच्या कॅमेऱ्याचं अपलोड, सगळं एकदम सुरू होतं. म्हणून हा बिघाड घड्याळ बघून आल्यासारखा वाटतो, आणि म्हणूनच दिवसा आलेल्या माणसाला तो सापडत नाही.

फुकटातल्या तपासण्या

दुसरं ॲप लावून बघा. यूट्यूबवर मराठी बातम्यांच्या वाहिन्या थेट चालू असतात, त्यातली एखादी लावा. ती दहा मिनिटं न अडकता चालली आणि तुमचं मालिकेचं ॲप तेवढं अडकलं, तर राउटरला हात लावू नका. ॲप अपडेट करा, त्याची कॅशे (ॲपने तात्पुरती साठवलेली माहिती) पुसा, नाहीच जमलं तर काढून पुन्हा टाका. मात्र काढण्याआधी लॉग-इनचा मोबाइल नंबर कोणाचा आहे ते विचारून ठेवा. ओटीपी मुलाच्या फोनवर जातो आणि मुलगा बंगळुरूला असतो, असं नेहमी होतं.

प्लॅन टीव्हीसाठी आहे का ते बघा. मोबाइलच्या रिचार्जबरोबर मिळालेलं सदस्यत्व बऱ्याचदा फक्त मोबाइलवर चालणारं असतं. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालतच नाही, आणि बेसिक प्लॅनवर चित्र ७२० पीच्या वर जात नाही. मोठ्या टीव्हीवर ते मऊ दिसणारच, त्यात नेटचा दोष नाही. एकाच खात्यावर किती पडदे चालतात यालाही मर्यादा असते. नातवाने पुण्यात लावलं की आजोबांच्या टीव्हीवर संदेश येतो, आणि तो इंग्रजीत असल्याने घरात "नेट गेलं" असं समजलं जातं. तो संदेश एकदा वाचून त्याचा फोटो काढा.

टीव्ही खरोखर बंद करून चालू करा. रिमोटचं लाल बटण दाबलं की टीव्ही बंद होत नाही, झोपतो. महिनाभर असा झोपत-उठत राहिलेला टीव्ही हळूहळू जड होत जातो. भिंतीवरचं बटण बंद करा, मिनिटभर थांबा. त्याच वेळी राउटर आणि फायबरचा डबाही बंद करा. चालू करताना क्रम पाळा: आधी फायबरचा डबा, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर, वायफाय आलं की शेवटी टीव्ही. उलट क्रमाने केलं तर टीव्ही नसलेलं नेट शोधत बसतो आणि वाटतं की उपाय लागू पडला नाही. हल्ली अनेक घरांत फायबरचा डबा आणि राउटर एकच असतात, तिथे हा प्रश्न येत नाही.

टीव्हीची तारीख आणि वेळ बरोबर आहे का? हे फार जणांना सुचत नाही. वेळ चुकली असेल तर ॲप सुरक्षित जोडणी करायला नकार देतं आणि उघडतच नाही. सेटिंगमध्ये तारीख-वेळ "स्वयंचलित" करा.

साठवण बघा. स्वस्त टीव्ही आणि स्टिक यांच्यात बहुतेकदा ८ जीबीच जागा असते, आणि त्यातली बरीच टीव्हीच्या स्वतःच्या प्रणालीने खाल्लेली असते. उरलेल्या जागेत गेम, तीन-चार न वापरलेली ॲप आणि सगळ्यांची कॅशे. जागा संपत आली की ॲप अडखळायला लागतात. जे वापरत नाही ते काढा.

आता मोजा

रात्री अडकतंय त्या वेळी यूट्यूब लावा, व्हिडिओ चालू असताना सेटिंगच्या चिन्हात जा आणि "स्टॅट्स फॉर नर्ड्स" सुरू करा. पडद्याच्या कोपऱ्यात आकड्यांची एक छोटी पाटी येईल. त्यातल्या तीन ओळी कामाच्या. "कनेक्शन स्पीड" म्हणजे टीव्हीला प्रत्यक्ष मिळणारा वेग, तोही हजारांत दाखवलेला, म्हणजे ८००० दिसलं तर ८ एमबीपीएस. "बफर हेल्थ" म्हणजे पुढचे किती सेकंद हाताशी आहेत. "ड्रॉप्ड फ्रेम्स" म्हणजे टीव्हीला दाखवता न आल्याने गाळलेली चित्रं.

माझ्या लेखी दोष शोधायला यापेक्षा चांगलं फुकट साधन नाही. बफर हेल्थ घसरत घसरत शून्यावर आली आणि मग चित्र थांबलं, तर दोष नेटचा. बफर हेल्थ वीस-तीस सेकंद भरलेली आहे, तरी चित्र अडखळतंय आणि ड्रॉप्ड फ्रेम्सचा आकडा भराभर वाढतोय, तर नेटला दोष देऊ नका. तो टीव्ही ते चित्र उलगडताना दमतोय. दर्जा ४के वरून १०८० पीवर आणा. थांबलं तर निदान पक्कं.

हे बघताना थेट प्रक्षेपण नको, साधा मोठा व्हिडिओ लावा. थेट प्रक्षेपणात बफर हेल्थ मुळातच कमी असते.

किती वेग पुरेसा? नेटफ्लिक्स १०८० पीसाठी ५ आणि ४केसाठी १५ एमबीपीएस सुचवतं. यूट्यूब ४केसाठी २० सांगतं. म्हणजे एका टीव्हीला २५ मिळत असतील तर भरपूर झाले, आणि ५० चा प्लॅन चार माणसांच्या साध्या घराला पुरायला हरकत नाही. टीव्हीपाशी ५० पैकी ४ मिळत असतील, तर उरलेले ४६ कुठे गेले ते शोधायचं आहे. आणखी ५० विकत घेऊन ते सापडणार नाहीत.

वायफाय: दोष इथेच सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त

टीव्ही कुठल्या वायफायला जोडलाय ते बघा. बहुतेक राउटर दोन नावं दाखवतात, एक साधं आणि एक शेवटी "५जी" लिहिलेलं. मोबाइलच्या ५जीशी याचा संबंध नाही, ते ५ गिगाहर्ट्झचं वायफाय आहे. साधं नाव २.४ गिगाहर्ट्झचं. २.४ भिंतींतून लांबवर जातं पण त्यावर तोबा गर्दी असते. ५ वेगवान आहे, गर्दी कमी, पण दोन भिंती मध्ये आल्या की दम सोडतं. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत किंवा मध्ये एकच भिंत असेल तर डोळे मिटून ५ गिगाहर्ट्झ निवडा. पुष्कळ घरांत एवढ्यावरच काम संपतं.

टीव्हीच्या यादीत "५जी" नाव दिसतच नसेल, तर तो टीव्ही फक्त २.४ घेणारा असू शकतो. स्वस्त स्मार्ट टीव्हींत हे सर्रास आढळतं आणि दुकानात ते कोणी सांगत नाही.

मग राउटरची जागा. फायबर लावायला आलेला मुलगा राउटर बसवतो ते त्याला तार कमी लागेल अशा ठिकाणी: दाराच्या वर, माळ्यावर, चपलांच्या कपाटात. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज आणि माशांची टाकी ही सगळी वायफायची वाट अडवतात. धातू आणि आरसा लहरी परतवतात, पाणी शोषतं. राउटर छातीच्या उंचीवर, मोकळ्यावर आणि टीव्हीच्या सरळ नजरेत आणता आला तर आणा. पण फायबरची बारीक तार ताणून नव्हे. ती जितकी पुरते तितकंच हलवा.

स्टिक वापरत असाल तर टीव्हीच्या मागे डोकावून बघा. आमच्या बी विंगमधल्या काकूंकडे नेमकं हेच होतं. "अरे, शंभरचा घेतलाय, तरी ते चक्र फिरतंच," असं त्या म्हणाल्या. हॉलमध्ये मोबाइलवर नव्वदच्या वर दिसत होतं, टीव्हीवर चार. स्टिक थेट एचडीएमआयमध्ये खोचलेली, टीव्हीच्या पाठीला चिकटून, भिंत आणि टीव्ही यांच्या फटीत. हात लावला तर चांगलीच गरम. वीज तिला टीव्हीच्या यूएसबीतून दिलेली, कारण तेवढा एक प्लग वाचत होता. टीव्हीचं यूएसबी बऱ्याचदा अर्धा अँपिअरच देतं, आणि स्टिकबरोबर येणारा ॲडॅप्टर एक अँपिअरचा असतो. वीज कमी पडली की स्टिक मध्येच थिजते किंवा आपोआप चालू-बंद होते. वर टीव्हीच्या पाठीमागच्या पत्र्याने वायफाय अडवलं. खोक्यात न उघडलेली वीतभर एचडीएमआयची वायर होती. ती लावून स्टिक टीव्हीच्या कडेला बाहेर काढली, तिचाच ॲडॅप्टर भिंतीत लावला, वायफाय ५ गिगाहर्ट्झवर घेतलं. आकडा साठच्या पुढे गेला. खर्च शून्य. त्याआधी काकू ३०० चा प्लॅन घ्यायच्या विचारात होत्या.

टीव्ही २.४ वरच अडकून असेल तर राउटरमध्ये वायफायचा चॅनल बदला. मोबाइलवर वायफाय ॲनलायझरसारखं एखादं ॲप टाका. आपल्या इमारतीत किती वायफाय एकमेकांवर बोलतायत ते दिसेल. एकाच वर्गात चार बाई एकदम शिकवायला लागल्या तर पोरांना काय कळणार, तसं टीव्हीचं होतं. २.४ मध्ये एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. त्यातला सर्वांत मोकळा निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. मधले ३, ४, ८ असे चॅनल मोकळे दिसले तरी घेऊ नका, तिथे दोन्हीकडचा गोंगाट येतो. राउटरच्या पानावर जायचा पत्ता आणि पासवर्ड बहुधा त्याच्या पोटाखालच्या स्टिकरवर असतो. तिथे वायफाय सोडून बाकी कशालाही हात लावू नका. इंटरनेट किंवा वॅन नावाच्या पानावरची अक्षरं बदलली तर नेट पूर्ण बंद पडेल आणि ऑपरेटरचा माणूस आल्याशिवाय सुरू होणार नाही.

थोडा खर्च: लॅनची वायर

टीव्ही जागचा हलत नाही. मग त्याला वायफायवर का ठेवायचं? राउटरपासून टीव्हीपर्यंत कॅट-६ ची तयार वायर टाकली की शेजारच्यांची गर्दी, कपाट, आरसा हे सगळे प्रश्न एकदम मिटतात. काही शे रुपयांचं काम. ज्या घरात वयस्कर माणसं एकटी राहतात, तिथे मी हाच उपाय आधी सुचवतो, कारण वायर एकदा लागली की त्यांना पुन्हा काही करावं लागत नाही.

वायर न्यायची कशी, हा खरा प्रश्न. केबल काढलेल्या घरात त्याचं उत्तर भिंतीतच असतं. केबलची ती जुनी काळी वायर ज्या पाइपातून टीव्हीपाशी येते, तो पाइप आता तुमच्या उपयोगाचा नाही. जुन्या वायरच्या टोकाला लॅनची वायर टेपने घट्ट गुंडाळा. पाइपातून न्यायची तर तयार वायरऐवजी प्लग नसलेली घेऊन प्लग नंतर बसवून घेतले तर उत्तम, कारण प्लग वळणावर अडकतो. दुसऱ्या टोकाने एकाने हळू ओढायचं, इकडून दुसऱ्याने सोडत राहायचं. अडकलं तर जोर लावू नका, थोडं मागे घेऊन पुन्हा ओढा. दोन गोष्टी आधी खात्री करून घ्या: त्या वायरवरून शेजारच्या घराची केबल पुढे गेलेली नाही, आणि त्याच पाइपात विजेच्या वायरी नाहीत. विजेच्या वायरी दिसल्या तर तिथेच थांबा, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

लॅन लावल्यावर ३०० चा प्लॅन असूनही टीव्हीवर ९५ च्या आसपासच दिसलं तर घाबरू नका. बहुतेक टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं आणि ४केला तेवढं कितीतरी जास्त आहे. मात्र १० च्या आत दिसत असेल तर बहुधा वायरवर प्लग नीट दाबून बसवलेला (क्रिम्प झालेला) नाही. वायर बदलून बघा.

जास्त खर्च

टीव्ही जुना आणि मंद आहे हे ड्रॉप्ड फ्रेम्सवरून सिद्ध झालं, तर नवा टीव्ही घ्यायची गरज नाही. पडदा चांगला असेल तर ५ गिगाहर्ट्झ घेणारी स्टिक लावा आणि टीव्हीला निव्वळ पडदा म्हणून वापरा.

राउटर फक्त २.४ चा असेल तर ऑपरेटरकडे दोन्ही बँडचा, म्हणजे २.४ आणि ५ दोन्ही देणारा, मागा. मोठ्या घरात, दोन मजल्यांत, मेश (एकमेकांशी जोडून चालणारे दोन-तीन राउटर) घेणं योग्य ठरतं. भिंतीच्या प्लगमध्ये खोचायचा स्वस्त रिपीटर मात्र टीव्हीसाठी नको. एकाच बँडवर चालणारा रिपीटर तेच बोलणं ऐकून पुन्हा बोलतो, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. मोबाइलवर वायफायच्या चारही दांड्या दिसतात, टीव्ही मात्र पूर्वीसारखाच अडकतो.

राउटरचा ॲडॅप्टर दोन-तीन वर्षांत थकतो, विशेषतः जिथे वीज सारखी जाते-येते. बहुतेक १२ व्होल्टचे असतात. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनचं माप व ध्रुव तेच. भारनियमनाच्या गावी राउटरसाठीचा छोटा यूपीएस लावलात तर दोन कामं होतात: वीज गेली तरी राउटर चालू राहतो, आणि ॲडॅप्टरला झटके बसत नाहीत.

लाइनचा दोष

इथवर सगळं करूनही लॅनवर, रात्री, वेग पडतोच आहे? मग आता घराबाहेर बघायचं.

आधी फायबरची तार डब्यापासून भिंतीपर्यंत नजरेने तपासा. ती कुठे घट्ट वळली आहे का, सोफ्याच्या पायाखाली किंवा दाराच्या फटीत दबली आहे का? काचेच्या तारेतून प्रकाश जातो, वळण फार आवळलं की तो वळणावरच बाहेर सांडतो. तार तुटलेली दिसत नाही, नेटही पूर्ण बंद पडत नाही, पण सिग्नल अशक्त होतो. गणपतीच्या आधीच्या साफसफाईत सोफा आणि कपाटं हलतात आणि त्या आठवड्यात अशा तक्रारी हमखास येतात. वळण निदान चहाच्या बशीएवढं तरी सैल ठेवा.

काही डब्यांच्या पानावर "आरएक्स पॉवर", म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, असा उणे चिन्हाचा आकडा दिसतो. उणे १५ ते उणे २४ च्या दरम्यान असेल तर ठीक. उणे २७ च्या पलीकडे गेला असेल तर तो लिहून ठेवा, तक्रारीत तोच सांगा. "नेट स्लो आहे" या वाक्यावर ऑपरेटर काही करत नाही. "आरएक्स उणे २८ दिसतोय" म्हटलं की माणूस पाठवतो.

छोट्या गावांत आणि जुन्या वस्त्यांत अजूनही गच्चीवरच्या स्विचमधून साधी लॅनची वायर घरात येते. पावसात तिचे जोड गंजतात, आणि वळवाच्या विजांनी राउटरचं पोर्ट जळतं, कधी कधी त्याला जोडलेल्या टीव्हीचंही. अशी जोडणी असेल तर कडकडाट सुरू होताच बाहेरून येणारी वायर राउटरमधून काढून ठेवा. फायबरच्या तारेत वीज वाहत नाही, तिला हा धोका नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

एलओएस लाल आहे किंवा फायबर मोडलं आहे. ते जोडायला वेगळं यंत्र लागतं. हिरव्या टोकाचा कनेक्टर उगाच काढू नका, टोकाला धुळीचा एक कण पुरतो. आणि त्या टोकात डोळा घालून बघू नका: त्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण तो लेझर आहे.

ॲडॅप्टरला जळका वास येतो, प्लग काळा पडला आहे किंवा टीव्हीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. हे इलेक्ट्रिशियनचं काम आहे, आजच्या आज.

तार विजेच्या खांबावरून, गच्चीच्या कठड्यावरून किंवा डक्टमधून आली आहे आणि तिथे जावं लागणार आहे. मोठा टीव्ही भिंतीवरून उतरवावा लागणार आहे. टीव्हीचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हने टाकायचा सल्ला कोणी दिला आहे. यातलं काहीही घरी करू नका.

आणि शेवटचं, लॅनवर थेट मोजूनही फक्त रात्रीच वेग कोसळतो. एका फायबरवरचा वेग ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असू शकतो, पण बहुधा दम त्याच्याही वर, ऑपरेटरने पुढून घेतलेल्या लाइनवर लागतो. तुमच्या घरात काहीही बदलून हे सुटणार नाही. चार-पाच दिवस सकाळी आणि रात्री नऊला लॅनवर स्पीड टेस्ट करून फोटो ठेवा. तोंडी बोलू नका, तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. स्थानिक ऑपरेटर बहुधा एखाद्या परवानाधारक कंपनीच्या नावाखाली नेट देतो. ते नाव बिलावर असतं, तक्रार तिथे करा. उत्तर समाधानकारक नसेल तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे ती सोय सहसा द्यावी लागते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

तोवर केबलचा सेट-टॉप बॉक्स परत देऊ नका, संध्याकाळचे ते तीन तास नीट जाईपर्यंत एखादा लहान पॅक चालू राहू द्या. पुढे बॉक्स द्याल तेव्हा अनामत भरली असेल तर ती मागा आणि बॉक्स जमा केल्याची पावती घ्या. दुसरा ऑपरेटर घ्यायचा ठरलं तर त्याच्या पत्रकावरच्या आकड्यापेक्षा आपल्याच इमारतीत त्याचं नेट कोणाकडे आहे ते विचारा, आणि रात्री नऊ वाजता त्यांच्याकडे जाऊन मोजा.